मेथी निवडताना जे झालं ते परत का येत नाही?

पत्र:

ताई नमस्कार. मला तूच म्हणा. डोंबिवलीत राहते, वय ४६, बँकेत लोन सेक्शनला आहे, हे प्रायव्हेटमध्ये, मुलगा दहावीला, सासूबाई आमच्याकडेच असतात. मागच्या जानेवारीत इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. तिथे मला विशेष काही झालं नाही, गुडघे दुखले आणि झोप आली. पण घरी आल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी मेथी निवडत बसले होते आणि अचानक, कसं सांगू, सगळं शांत झालं. आवाज होते, खालचा इस्त्रीवाला, कुकर, सासूबाईंची सिरीयल, सगळे जवळूनच येत होते पण लागत नव्हते. मेथीचं एकेक पान दिसत होतं. मी निवडतेय असं नव्हतंच, निवडणं चाललं होतं. डोळ्यातून पाणी येत होतं आणि दुःख कसलंच नव्हतं. पंधरावीस मिनिटं असेल, मग मुलगा आला, भूक लागली म्हणाला, आणि संपलं.

आता अकरा महिने झाले, ते परत आलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसते. भिशी, ऑफिसच्या गप्पा, सिरीयल, कशातच मन लागत नाही. ह्यांना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. सासूबाई म्हणतात घरात देव असताना ही भिंतीकडे तोंड करून काय बसते. मागच्या आठवड्यात मुलाला प्रिलिममध्ये भूमितीत ४० पैकी १३ पडले म्हणून इतकी ओरडले की कंपासपेटी भिरकावली (दहा मिनिटांनी मीच जाऊन सॉरी म्हटलं, तोही बघतच राहिला). अकरा महिन्यांची कमाई एका मिनिटात गेली असं वाटतंय. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गुरुताई आहेत, २१ हजारात दीक्षा देतात, त्या म्हणतात एकदा उघडलेलं दार बंद झालं की गुरूशिवाय परत उघडत नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ साधना करावी असंही मनात येतं. मला जे झालं ते खरं होतं की भास? आणि परत कसं आणू?

– नाव नको

उत्तर:

आधी सरळ उत्तरं देऊन टाकते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. खरं होतं. परत आणता येणार नाही. नोकरी सोडू नकोस. आणि त्या २१ हजारवाल्या ग्रुपमधून हे वाचता वाचताच बाहेर पड, हल्ली ग्रुप सोडला की सगळ्यांना डंका पिटून कळत नाही, फक्त ॲडमिनला कळतं, आणि ॲडमिनला कळू दे की.

आता बसून बोलू.

तू गेलीस त्याच इगतपुरीला मी गेले होते १९९८ ला, ३६ वर्षांची होते. पहाटे चारची घंटा, साडेचारला अंधारात हॉलकडे जाणारी ती शाल पांघरलेली रांग, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा-मुरमुरे आणि एखादं फळ, की मग दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत काही नाही, आणि दहाव्या दिवसापर्यंत आपापसात बोलणं नाही, खाणाखुणासुद्धा नाहीत. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा असतो, आत जातोय बाहेर येतोय, बस एवढंच, आणि मग चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवतं, खाज, मुंग्या, कळ, ऊब, ते नुसतं बघायचं, हाकलायचं नाही आणि धरायचंही नाही.

धरायचंही नाही. हे तुझ्या लक्षात राहिलंय का बघ. दुखणाऱ्या गुडघ्याकडे तटस्थपणे बघायचं हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसतं कारण गुडघा ठणकत असतो, पण गोड संवेदना आली तरी तिच्या मागे लागू नका, तीही जाणारी आहे, हे वाक्य कानावरून निघून जातं. रोज संध्याकाळच्या प्रवचनात तेच, या ना त्या तऱ्हेने. आणि तू काय केलंस, घरी आलीस, चौथ्या दिवशी आयुष्यातली सगळ्यात गोड गोष्ट पदरात पडली आणि तेव्हापासून अकरा महिने तिचा पदर धरून बसलीयस! हसू नकोस, मीही हेच केलं होतं, आणि तुझ्यापेक्षा जास्त वेळ.

माझं झालं ते आठव्या दिवशी, नळावर ताट धुताना. स्टीलचं ताट, त्यावरून वाहणारं पाणी आणि त्यात हलणारा उजेड, एवढंच. तीनचार मिनिटं असतील. ताट धुऊन झालं तरी मी उभी होते आणि मागची बाई काही बोलू शकत नव्हती कारण मौन. तुझं वर्णन वाचून मला ते ताट आठवलं म्हणून म्हटलं की खरं होतं. भासात माणूस कुठेतरी लांब जातो, तू तर मेथीच्या जुडीइतकी जवळ आली होतीस.

आणि ते मेथीपाशीच का आलं, इगतपुरीला का नाही, ह्याचं तुला कोडं पडलंय. मला नाही पडत. दहा दिवस तू वाट बघत होतीस की आता होईल, आता होईल. मेथी निवडताना वाट बघत नव्हतीस, जुडी सोडली, मुळं तोडली, पानं खुडली, माती लागलेले देठ बाजूला केले, भाजी संध्याकाळच्या आत व्हायला हवी होती एवढाच हेतू. आणि मन तर दहा दिवस घासूनपुसून आणलेलं होतं. आता तू रोज दोन तास परत वाट बघत बसतेस. मग कसं येणार? पाहुणा येणार म्हणून दारात खुर्ची टाकून बसलं की शेजारीपाजारी सोडून कुणी येत नाही.

हे ऐकून तुला आता ती मेथीच परत आणून निवडावीशी वाटेल, मला माहितीय. केलंही असशील. मी दोन महिने ताटं घासली, कामवाल्या बाईला म्हटलं ताटं तेवढी राहू द्या, त्यांना वाटलं माझा त्यांच्यावर विश्वास नाही, त्या वाईट वाटून घेऊन बसल्या. तर ते असो.

आता तुझ्या पत्रातली खरी गोष्ट. ती तू कंसात टाकलीयस. दहा मिनिटांनी मीच जाऊन सॉरी म्हटलं, तोही बघतच राहिला. मेथीवर आठ ओळी आणि ह्यावर अर्धी! मला सांग, दोन वर्षांपूर्वी असंच झालं असतं तर किती दिवस अबोला चालला असता? तुझा मुलगा बघत का राहिला? कारण त्याच्या सोळा वर्षांत असं झालेलं नाही, आई ओरडली की पुढे दोन दिवस ताट वाढायचं पण बोलायचं नाही अशी तुमच्याकडे पद्धत असणार, बहुतेक घरात असते, आमच्याकडे तर चार दिवसांचा कोर्स होता. दोन दिवसांचे दहा मिनिटं झाले. तुझ्या आयुष्यात जागं होणं म्हणून जे काही झालंय ना ते हे आहे, मेथी म्हणजे त्याची फक्त पावती होती. आणि पावती हरवली म्हणून तू रडतेयस, माल घरात येऊन पडलाय तो बघत नाहीयस.

बँकेतली आहेस म्हणून तुला कमाई हा शब्द सुचला. पण इथे पासबुक नाहीये गं, की अकरा महिने भरलं आणि एका कंपासपेटीत सगळं डेबिट झालं. राग येणारच. ओरडताना कान तापले होते का, छातीत धडधडत होतं का, हे तुला आठवतंय का? आठवत असेल तर तू तिथे होतीस. पूर्वी नसायचीस, पूर्वी फक्त ओरडणं असायचं. पुढच्या वेळी कदाचित पेटी हातात असतानाच लक्षात येईल. कदाचित नाही येणार, परत भिरकावशील. (कर्कटक मात्र आधी काढून घे बाई, ते डोळ्यात जातं.)

नोकरीचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण ह्या विषयावर लोक फार वाहवत जातात. ज्या परंपरेचं शिबिर तू केलंस त्यातले लोक कोण होते ते तरी बघ. गोएंका गुरुजी म्हणजे ब्रह्मदेशातले मारवाडी व्यापारी, पोराबाळांचे बाप, मायग्रेनने इतके हैराण की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आली होती, म्हणून १९५५ ला ध्यान शिकायला गेले. ज्यांच्याकडे गेले ते सयाजी ऊ बा खिन, ते कोण, तर कुणी भिक्षू नाही, गुहेत बसलेले बाबा नाहीत, ते होते सरकारी नोकर. ब्रह्मदेश १९४८ ला स्वतंत्र झाला तेव्हाचे पहिले अकाउंटंट जनरल! हिशेब तपासणारा माणूस, तुझ्याच जातकुळीतला म्हण. कारकून म्हणून लागले आणि वर चढत गेले, एका वेळी तीनतीन खाती सांभाळली, आपल्याच ऑफिसातल्या लोकांना ध्यान शिकवलं आणि साठीच्या पुढेपर्यंत सरकारी काम केलं. आणि गंमत म्हणजे गोएंका डोकेदुखी जावी म्हणून आलेत कळल्यावर त्यांनी आधी नकार दिला होता, म्हणाले हे त्यासाठी नाही, मन शुद्ध करायला यायचं असेल तर ये. मग हेच गोएंका १९६९ ला भारतात आले, इथे शिकवायला लागले, १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली आणि पन्नासेक वर्षांनी तू तिथे गुडघे दुखवून आलीस. म्हणजे ही सगळी साखळीच मुळात एका ऑडिटवाल्याने लंच टाइमच्या आसपास धरून ठेवलेली आहे असं समज, आणि तुला वाटतंय लोन सेक्शन आड येतो.

नोकरी सोडायची असेल तर कंटाळा आला म्हणून सोड, मॅनेजर छळतो म्हणून सोड, व्हीआरएसचा हिशेब जमला म्हणून सोड, मी काही म्हणणार नाही. अध्यात्माच्या नावाने सोडू नकोस. कारण मग काय होतं की सकाळी दहाला तू डोळे मिटून बसलेली असशील, ते येणार नाही, आणि तेव्हा दोष द्यायला नोकरीही उरलेली नसेल. मग पाळी घरच्यांची.

तशी ती आलेलीच आहे थोडीफार. पत्रात बघ, ह्यांना असं वाटतं, सासूबाई असं म्हणतात. मला तुझी बाजू घ्यायला आवडली असती, पण माझाच एक किस्सा सांगते, मग ठरव.

शिबिराहून आल्यावर मी संध्याकाळी सहा ते सात बेडरूमचं दार लावून बसायचे. नाशिकरोडला दोन खोल्यांचं घर, बेडरूम म्हणजे सगळ्यांची बेडरूम. माझ्या सासूबाई गोधड्या शिवायच्या, जुन्या नऊवारींचे थर घालून, लांबच लांब धावदोरा. डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, टाका हाताच्या सवयीने बरोबर पडायचा पण सुईत दोरा काही जायचा नाही. एक दिवस त्यांनी बाहेरून हाक मारली, अगं जरा ओवून दे गं. मी बसलेली. थोड्या वेळाने परत. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी आतूनच खेकसले, थांबा हो, बसलेय ना मी! मग शांतता. सातला बाहेर आले तर त्या ट्यूबलाइटच्या खाली उभ्या होत्या, सुई डोळ्यांच्या वर धरलेली, दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करून करून त्याचा पार पिसारा झालेला. म्हणाल्या, राहू दे, उद्या दिवसाउजेडी बघीन, तू बस देवापाशी.

टोमणा नव्हता गं तो. टोमणा असता तर मी भांडले असते आणि विसरले असते.

पण मला त्यांचाच राग आला होता, माझं ध्यान मोडलं म्हणून, आणि तो राग कुठे बसलाय हे मला दिसायला पुढे वर्षदीड वर्ष गेलं. एक तास संवेदना बघत होते म्हणे! नंतर मी दर रविवारी सकाळी दहा सुया ओवून त्यांच्या त्या चिंध्यांच्या छोट्या उशीला टोचून ठेवायचे, पांढऱ्या दोऱ्याच्या सहा, काळ्याच्या चार. आठवडाभर पुरायच्या. त्या गेल्या तेव्हा उशीत सात शिल्लक होत्या.

तर तुझ्या सासूबाई. भिंतीकडे तोंड करून काय बसते, ह्या वाक्याचा अर्थ मला तरी असा लागतो की पूर्वी संध्याकाळी दिवा लावताना ही माझ्याबरोबर उभी असायची, आता नसते. शिबिरात दहा दिवस पूजापाठ, जप बाजूला ठेवायला सांगतात ते ती पद्धत नुसती तपासून बघता यावी म्हणून, घरी आल्यावर निरांजनाशी वैर धर असं कुणी सांगितलेलं नाही. पाच मिनिटं त्यांच्याशेजारी उभी राहा, हात जोड, शुभंकरोती म्हण, मग जा आपल्या भिंतीकडे. करून बघ आणि बोलणं बंद होतं की नाही ते मला कळव.

आता नवरा. ह्याच्यासाठी मला आठवतात त्या बहिणाबाई. जळगावच्या चौधरी नाहीत, त्या वेगळ्या आणि खूप नंतरच्या, ह्या शिऊरच्या, सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. (तुला वाटलं असेल मी आता जनाबाईचं जातं आणि सावता माळ्याचा मळा काढणार. नाही काढत, ते सगळ्यांना इतकं पाठ आहे की त्याचा आता काही उपयोग होत नाही.) बहिणाबाईंनी स्वतःची कहाणी स्वतःच अभंगात सांगून ठेवलीय. लहानपणी लग्न, नवरा वयाने कितीतरी मोठा, वेदपाठी ब्राह्मण, आणि बायको मात्र कोल्हापुरात असताना कीर्तनं ऐकून, एका वासराचा लळा लागून, आणि मग तुकोबा स्वप्नात येऊन, पार वेगळ्याच वाटेला लागलेली. नवऱ्याला काय वाटलं? लोक हिला बघायला येतात, हिला विचारतात, आपण कोण मग, आणि गुरू केला तोही शूद्र. मारलं त्याने, बांधून घातलं, घर सोडून जायला निघाला, मग आजारी पडला, हिने सेवा केली आणि पुढे तोही बदलला.

मी हे मार खा आणि सेवा कर असं सांगायला सांगत नाहीये, हात उचलला तर त्याच दिवशी बॅग भरायची, तिथे अध्यात्म आणायचं नाही. मी सांगतेय ते एवढ्यासाठी की ह्या बाईने स्वप्नातले तुकोबा आणि नवऱ्याचा मार एकाच वहीत लिहिले. एक पवित्र म्हणून वर आणि एक संसार म्हणून खाली असं केलं नाही. आणि नवऱ्याला भीती वाटतेय हेही तिला दिसत होतं.

तुझ्या नवऱ्यालाही भीती वाटतेय. बघ ना त्याच्या बाजूने, दहा दिवस बायकोचा फोन बंद, परत आली ती कमी बोलते, पहाटे उठून अंधारात बसते, सिरीयल बघत नाही, भिशी सोडली, नोकरी सोडायचं म्हणते. त्याने डोक्यावर परिणाम म्हटलं ते चुकीचं म्हटलं, पण दुसरा शब्द कुठून आणेल तो? तू मेथीचं त्याला सांगितलंयस का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. मला, एका अनोळखी बाईला, इतकं छान लिहून पाठवलंस आणि त्याला अकरा महिने काही माहीत नाही असं असेल तर अवघड आहे. त्याला सांग. अनुभव, साधना, जागृती असले शब्द न वापरता सांग, की त्या दिवशी मेथी निवडत होते आणि असं असं झालं, रडू आलं, छान वाटलं, आणि परत व्हावं वाटतं. कदाचित तो म्हणेल, हां हां, बरं, चहा टाक. टाक मग चहा. पण कदाचित तो सांगेल की त्यालाही एकदा असं झालं होतं, कसाऱ्याच्या घाटात ट्रेनच्या दारात उभा असताना वगैरे. पुरुष ह्या गोष्टी पन्नास वर्षं खिशात घालून हिंडतात आणि कुणाला सांगत नाहीत.

मधेच एक गोष्ट, आणि ही गंभीरपणे घे. कशातच मन लागत नाही असं तू लिहिलंस. भिशीत मन लागत नसेल तर उत्तमच, माझंही कधी लागलं नाही. पण ते मन न लागणं हलकं आहे का जड आहे ते तू बघ. पूर्वी ज्याच्यात खरंच जीव रमायचा, गाणं असेल, मुलाशी गप्पा असतील, त्यातही काही वाटत नसेल, झोप मोडत असेल, रात्री तीनला जाग येऊन छातीत धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर त्याला वैराग्य म्हणू नकोस. ४६ वय आहे, पाळी मागेपुढे होत असेल, ह्या वयात शरीर भलतेच खेळ करतं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळं सांग, ध्यानाचंही. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नकोस, आणि नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शिबिराच्या फॉर्मवर मानसिक आजाराचा प्रश्न असतो तो उगाच नसतो. आणि आवाज ऐकू येणं, आपण आपले नाही असं दिवसदिवस वाटत राहणं, असलं काही असेल तर बसणं ताबडतोब थांबव आणि आधी डॉक्टर. तुझ्या पत्रातून मला तसं काही वाटलं नाही, पण पत्रात माणूस सगळं लिहितो थोडंच.

गुरुताईंबद्दल फार शब्द खर्च करत नाही. जिथे तू दहा दिवस राहिलीस, जेवलीस, शिकलीस तिथे फी म्हणून एक पैसा घेतला नाही, शेवटी वाटलं तर दान. वारकऱ्यांत तुळशीची माळ घालायला २१ हजार लागत नाहीत, आणि घातल्यावर माळकरी एकमेकांच्याच पाया पडतात. आणि ह्या ताई म्हणतात बंद दाराची किल्ली माझ्याकडे आहे. अगं, दार होतं कुठे? मेथी होती.

बसण्याचं आता. सकाळ-संध्याकाळ तास-तास बसावं असंच तिथे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण दहावीचा मुलगा, सकाळची लोकल आणि घरात म्हातारं माणूस असताना तू तो दुसरा तास कुठून काढतेयस ते मला कळतंय, तो तू सगळ्यांच्या संध्याकाळीतून काढतेयस. तिथले लोक माझ्यावर रागावतील, रागावू देत, मी म्हणते की मार्चपर्यंत सकाळचाच ठेव, नळाला पाणी यायच्या आधी, घर झोपलेलं असताना, आणि जमलं नाही तर अर्धाच तास. वाट बघणं सुरू झालं की कळेल तुला, तेव्हा उठायचं नाही, वाट बघतेय एवढं बघायचं. संध्याकाळचा तास मुलाला दे. भूमिती शिकव असं नाही, तो सोडवत असेल तिथे शेजारी बसून भाजी निवड. एकटीने बसून कोरडं वाटायला लागलं तर जुन्या साधकांची, म्हणजे तुझ्यासारखं शिबिर केलेल्यांची, सामूहिक साधना बऱ्याच ठिकाणी आठवड्याला असते, तासभराची, आपल्या भागातली शोध. आणि परीक्षा संपली की गोराईच्या विपश्यना पॅगोडात एक दिवसाच्या शिबिराला जाऊन ये, तिथेही जुन्या साधकांसाठीच असतं, त्या एकाही खांबाशिवाय उभ्या असलेल्या घुमटाखाली एकदा बसावं माणसाने. डोंबिवलीहून लांब पडेल, दादरला गाडी बदल, बोरिवलीला उतर आणि पुढे खाडीतून बोटीने जा. ह्यांनाही ने, ते बाहेर फिरतील, समुद्राचा वारा खातील.

भिशीचं मात्र परत सुरू कर असं मी म्हणणार नाही. ऑफिसच्या गप्पांत आठवड्यातून एकदा तरी बस, तुझ्याशेजारच्या टेबलावरच्या बाईच्या घरी काय चाललंय हे तुला अकरा महिन्यांत माहीत नसेल तर ते काही चांगलं लक्षण नाही.

आणि भूमितीचं टेन्शन इतकं घेऊ नकोस. १३ म्हणजे तो कशाततरी अडकलाय, बहुतेक वर्तुळात, सगळी पोरं तिथेच अडकतात. आमच्या भाच्याला प्रिलिमला ११ होते, बोर्डाला ३१ आले, रोज एकच रचना आणि एकच प्रमेय लिहून काढायचा, जास्त काही नाही. मार्चमध्ये पेपर झाला की कसा गेला ते नक्की कळव. ध्यानाचं नाही कळवलंस तरी चालेल.

– ताई